तुमचे प्रश्न : लांब पळणं, खाणं आणि हृदय

यावेळी आलेल्या प्रश्नांत पळणारे आणि सायकलवाले जास्त आहेत, आणि सगळ्यांचा घोळ थोड्याफार फरकाने एकच दिसतोय. पळताना जे पोटात जातं आणि दिवसभर जे पोटात जातं, दोन्हीला एकच नियम लावला जातोय. त्यामुळे हे प्रश्न एकत्रच घेते.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, पहिल्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे. वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेलाय म्हणून मी साखर जवळजवळ बंद केलीये. बरोबरचे सगळे पळताना जेल घेतात, पण जेल म्हणजे साखरच ना? ३० किलोमीटरनंतर मी पार गळून जातो तरी घेत नाही. बरोबर करतोय का?

नाही, इथे तुम्ही स्वतःचे हाल करून घेताय. एरवी साखर कमी केलीत ते उत्तमच, ते सोडू नका. पण पळत असताना शरीरात वेगळंच चालू असतं, स्नायू काम करायला लागले की रक्तातलं ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या कडेला येऊन उभी राहतात, आणि अॅड्रेनलिन वाढलेलं असल्यामुळे इन्सुलिन तसंही दबलेलं असतं, त्यामुळे जेलमधली साखर बरीचशी तिथल्या तिथेच जळते. तीच साखर खुर्चीत बसून घेतलीत तर तिचा मार्ग वेगळा.

आता ३० किलोमीटरचं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, असतं साधारण ४०० ग्रॅम, लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून २००० कॅलरी. पळायला लागतात अंदाजे किलोला एक कॅलरी दर किलोमीटरला, म्हणजे ७० किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला (४२ किलोमीटर) २९०० च्या पुढे. थोडा भार चरबी उचलते, पण वेग वाढला की तिचा वाटा घटतो, मग कुठेतरी साठा संपतोच आणि माणूस अक्षरशः थांबतो. तुमची तब्येत किंवा जिद्द कमी पडत नाहीये, साठा कमी पडतोय.

हे समजून १०० वर्षं झाली आणि तेही हृदयाच्या डॉक्टरमुळे, हे मला फार आवडतं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनला सॅम्युअल लेव्हाइन (हार्टच्या मर्मरची, म्हणजे ठोक्यांबरोबर येणाऱ्या जादा आवाजाची, सहा पायऱ्यांची प्रतवारी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या रेषेवर पळणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर जे सगळ्यात वाईट अवस्थेत पोचले होते त्यांची साखर खूपच खाली गेलेली. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी भरपूर कार्बोहायड्रेट आणि शर्यतीत साखरेच्या गोड गोळ्या खायला दिल्या, तर साखर टिकली आणि माणसं धडधाकट पोचली. मग १९६६ मध्ये स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी कमाल केली. एकाच सायकलला दोघं दोन बाजूंनी बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारलं, आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सुईने तुकडे काढून तपासले. नंतर तीन दिवस भरपूर कार्ब खाल्ल्यावर दमलेल्या पायात आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन साठलं. म्हणजे साठवायची तयारी त्या स्नायूतच होते, कार्ब लोडिंगचं मूळ इथे आहे.

तुमच्यासाठी, दीड-दोन तासांच्या वर पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं, फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा असल्यामुळे दोन्ही मिसळून घेतलं तर ९० पर्यंत जाता येतं, पण पहिल्या मॅरेथॉनला इतकं कशाला. आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा जेल उघडू नका, पोटालाही सराव लागतो. तासाभराच्या आतल्या पळण्याला काहीच लागत नाही. वडिलांचा इतिहास आहे म्हणून लिपिड प्रोफाइल, बीपी आणि डॉक्टरांची भेट हे मात्र नक्की करा. डायबेटिस असेल, इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचे नाहीत.

प्रश्न : मी वर्षभर कीटोवर (अगदी कमी कार्ब, जास्त फॅटचा आहार) आहे, वजन उतरलं, मस्त वाटतं, फक्त एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खूप वाढलंय. आठवड्याला ५० किलोमीटर पळते, तर चालून जाईल ना?

नाही हो, हे मला काळजीचं वाटतं. व्यायामाने ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं वर येतं, बीपी सुधारतं, पण एलडीएलवर त्याचा जोर फारसा चालत नाही. आणि धमनीच्या भिंतीत एलडीएल किती घुसतं हे ते किती जास्त आहे आणि किती वर्षं जास्त आहे यावर ठरतं, तुम्ही त्या काळात किती पळालात त्याने एलडीएलचा हिशोब मिटत नाही. काही सडपातळ, भरपूर व्यायाम करणाऱ्या लोकांचं एलडीएल कमी कार्बवर प्रचंड चढतं, तुम्ही त्यातल्या असू शकता. डॉक्टरांकडून अपोबी (एलडीएलसारख्या घातक कणांची संख्या सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, सॅच्युरेटेड फॅट कमी करून, कार्ब थोडे परत आणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

बरं, पळण्यासाठी तरी कीटोचा फायदा होतो का? २०१७ साली लुईस बर्क यांच्या ऑस्ट्रेलियातल्या टीमने जागतिक दर्जाच्या रेसवॉकर्सवर (चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू) हे पाहिलं. कीटोवाल्यांची चरबी जाळायची क्षमता खूप वाढली, हे खरंय, पण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागायला लागला, कारण चरबीपासून तेवढीच ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्त खर्च होतो. तीन आठवड्यांच्या कडक ट्रेनिंगनंतर कार्ब खाणारे १० किलोमीटरला सुधारले, कीटोवाले नाही. हळू, आरामात पळणाऱ्याला हे जाणवणार नाही कदाचित, पण एलडीएलची किंमत मोजून ठेवावं असं त्यात मला काही दिसत नाही.

प्रश्न : पळताना जितकं पाणी तितकं चांगलं ना?

अजिबात नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं आणि तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. सगळ्यात ठळक कारण होतं शर्यतीत वजन वाढणं, म्हणजे घामापेक्षा जास्त पिणं. तहानेप्रमाणे प्या. पळून आल्यावर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही जास्त प्यायलात.

प्रश्न : नवरा ५२ वर्षांचा, वीस वर्षं मॅरेथॉन पळतोय. सीटीत कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) वाढलेला निघाला. पळून पळूनच हृदय खराब झालं का? बंद करायला सांगू?

घाबरून बंद करायला सांगू नका, पण दुर्लक्षही नको. हे अनेक वर्षं पळणाऱ्या पुरुषांमध्ये बऱ्यापैकी दिसतं. २०१७ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधून एकाच वेळी दोन अभ्यास आले, खूप ट्रेनिंग केलेल्यांच्या धमन्यांत प्लाक (भिंतीत साठलेला चरबीचा थर) जास्त सापडला, पण तो बहुतेक कडक झालेला, आणि तसा प्लाक फुटायची शक्यता कमी मानतात. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग २०२३ मध्ये बेल्जियमच्या अभ्यासात आयुष्यभर एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याचा व्यायाम) करणाऱ्यांमध्ये मऊ प्लाकही कमी नव्हता, त्यामुळे ते इतकं सरळ नाहीये. दुसरीकडे डॅलसच्या कूपर सेंटरच्या मोठ्या नोंदींमध्ये स्कोअर जास्त असूनही खूप व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे मृत्यू जास्त दिसले नाहीत. आणि मॅरेथॉन, हाफ मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचं प्रमाण अमेरिकेत २००० ते २०१० या काळात साधारण १,८४,००० जणांमागे एक इतकंच होतं.

म्हणून मी म्हणेन, पळणं हे हृदयाचं विमापत्र समजायचं नाही. त्यांचं एलडीएल किती, बीपी किती, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लागेल का, हे कार्डिओलॉजिस्टकडे नीट बसून ठरवा, स्ट्रेस टेस्ट लागेल का तेही तेच सांगतील. तोवर स्पीड वर्कआउट आणि शर्यती थांबवा, चालणं आणि हलकं जॉगिंग किती चालेल ते विचारून घ्या. छातीत दाब, नेहमीच्या वेगाला दम, किंवा धडधड अनियमित वाटली तर त्याच क्षणी थांबायचं आणि लगेच दाखवायचं. एन्ड्युरन्स खूप करणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणं) जास्त आढळतं, स्वीडनच्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्कीइंग शर्यतीच्या ५२,००० हून जास्त लोकांच्या नोंदींत जास्त शर्यती आणि जास्त वेग असणाऱ्यांना रिदमचा त्रास जास्त होता.

प्रश्न : बीटाच्या रसाने स्टॅमिना वाढतो आणि बीपी उतरतं, खरंय?

दोन्ही थोडं थोडं. बीटातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात. तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो, फायदा नवख्यांना जास्त, एलिट लोकांना फारसा नाही. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी घ्या. जिवाणू मारणारा माउथवॉश वापरत असाल तर परिणाम बराचसा जातो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.