वाडीला निघण्याआधी तिला फोन कर

ताई,
वय २८, मिरजेजवळच्या एका गावात राहतो, सहकारी बँकेत क्लार्क आहे. माझी उंची १६१ सेमी. वडील १६५, आई १५२ आणि धाकटा भाऊ १७२. कुठल्याही कार्यात आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की कोणीतरी विचारतंच, ‘यातला थोरला कोण?’ फोटो काढताना आता भाऊच गुडघे वाकवून उभा राहतो, त्याचा मला जास्त राग येतो. पोलीस भरतीसाठी तीन वर्षं पहाटे उठून धावलो, पण मोजमापातच बाहेर काढलं. माझं जमत नाही म्हणून भावाचंही लग्न थांबलंय. मध्यस्थ म्हणाले, ‘दोन-तीन इंच सगळेच वाढवतात,’ म्हणून आईने बायोडाटात ५ फूट ६ इंच लिहिलं. घरी गेलं की चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून मी मुलीला हॉटेलात भेटलो. बुटात दोन इंचांचं सोल होतं. मुलगी मला फार आवडली, तिलाही मी पसंत आहे, रोज फोनवर बोलतो. ती ५ फूट २ इंच आहे. आता येत्या रविवारी दोन्ही घरच्यांनी मिळून नरसोबाच्या वाडीला जायचं ठरवलंय. देवळात अनवाणीच जावं लागणार. पोट बिघडलंय असं सांगून टाळू का? उंची वाढवायच्या पावडरीचा काही उपयोग होतो का? पाय लांब करायचं ऑपरेशन असतं म्हणे, ते करू का?
– अस्वस्थ

प्रिय अस्वस्थ,

पोट बिघडवू नकोस. या रविवारी बिघडलं तर साखरपुड्याला काय बिघडवशील? लग्नात तर पाटावर उभं राहायचं तेही अनवाणी, आणि मेहुण्या बूट पळवायला टपलेल्याच असतात. तुझ्या बुटातलं ते सोल त्यांच्या हाती लागलं, तर पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीला तो किस्सा तुला ऐकवला जाईल.

सोपे प्रश्न आधी संपवते. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, हाड लांबतं ते तिथून. मुलं वयात आली की साधारण अठरा-विसाव्या वर्षापर्यंत तो थर हाडातच मिसळून जातो. त्यानंतर पावडर खा, सिंगल बारला लोंबकळ, नाहीतर उशाशी कुठलं यंत्र ठेव, हाड वाढत नाही. सकाळी उठल्यावर आपण सगळेच रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात. भरतीची मुलं मोजमाप होईपर्यंत पडून राहतात ती याच आशेवर. दुपारपर्यंत ती वाढ उतरलेली असते.

ऑपरेशन असतं, हे खरं आहे. सोव्हिएत काळात सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली, ती मोडलेल्या आणि आखूड राहिलेल्या पायांसाठी. एक पाय आखूड असलेल्या माणसाला तिचा फार मोठा आधार आहे. तुझ्या बाबतीत मात्र चांगलं धडधाकट हाड कापायचं आणि रोज साधारण एक मिलिमीटर याप्रमाणे दोन टोकं दूर सारत न्यायची. पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस नुसतं ताणण्यात, मग ती मधली जागा भरून घट्ट व्हायला आणखी कित्येक महिने. जंतुसंसर्ग, नसांना इजा, सांधे आखडणं हे सगळे धोके त्यात आहेत आणि खर्च लाखांत. बँकेतून इतकी रजा कशासाठी मागणार आहेस?

आता तू पत्रात न मागताच दिलेला हिशेब. घरातल्या प्रत्येकाची उंची तू सेंटिमीटरमध्ये लिहिली आहेस, वय मात्र फक्त स्वतःचं. म्हणून मीही आकड्यांतच सांगते. मुलाची उंची साधारण किती होईल याचा अंदाज बांधायला बालरोगतज्ज्ञ आईवडिलांची उंची मिळवतात, त्यात १३ घालतात आणि निम्मं करतात. १६५, १५२ आणि १३ म्हणजे ३३०, निम्मे १६५. याच्या साडेआठ सेंटिमीटर खाली-वर कुठेही मुलगा भरला तरी त्यात वावगं काही नाही. तू १६१, भाऊ १७२. दोघेही त्याच घरातल्या मापात बसता. त्याला वरची बाजू मिळाली, तुला खालची. भारतातल्या पुरुषांची सरासरीही १६५-१६६ च्या आसपासच आहे, तेव्हा तू तिच्यापासून चार-पाच सेंटिमीटर खाली आहेस. मनात तू स्वतःला याहून बराच बुटका करून ठेवलं आहेस.

‘उंची विचारांची असावी’ वगैरे मी तुला ऐकवणार नाही. लग्नाच्या बाजारात उंची बघतात. ‘५ फूट ८ च्या पुढचा हवा’ असं मुलीकडचे स्पष्ट लिहितात आणि ते वाचून पोटात खड्डा पडतो, यात तुझी कल्पना काही नाही. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भावाविषयी तू तीन वाक्यं लिहिलीस, मुलीविषयी चार-पाच. भरतीविषयी एकच, तेही घाईघाईने. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे.

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना १६५ सेमी लागतात, उपनिरीक्षकालाही तेवढेच. म्हणजे देशातल्या पुरुषांच्या साधारण मध्यावरच ती रेघ मारलेली आहे. तीन वर्षं पहाटे धावून तू मैदानावर गेलास आणि तिथे सोळाशे मीटर धावायचीही संधी मिळाली नाही. गोळा हातात घ्यायला मिळाला नाही. धावून मागे पडला असतास तर निदान मनाची समजूत पटली असती. मोजपट्टीखाली उभं राहून, दुसऱ्या मिनिटाला गेटबाहेर पडून, पिशवी घेऊन एसटी पकडणं हा अपमानच आहे, आणि त्याबद्दल तुझ्याशी घरात कोणी नीट बोललं असेल असं मला वाटत नाही. ‘जाऊ दे, नशीब’ म्हणाले असतील. तो नियम एका नोकरीचा होता. तू मात्र ती पट्टी बरोबर घेऊन आलास आणि तेव्हापासून प्रत्येक दारात शिरताना आधी तिच्याखाली उभा राहतोस. हॉटेलातल्या त्या भेटीतही समोरच्या मुलीने काही विचारायच्या आत तू स्वतःला नापास केलंस आणि मग कॉपी केलीस.

(मध्यस्थांचं म्हणणं खोटं नाही, बरं का. बायोडाटात सावळे लोक गव्हाळ होतात, पगारात ओव्हरटाइम धरला जातो, अडीच एकराचं चार एकर होतं. पण पगार आणि शेत लग्नानंतर सावकाश उघडं पडतं. उंची पहिल्या दिवशी, पायऱ्यांपाशीच.)

तेव्हा रविवारच्या आधी तिला सांग. मध्यस्थांकरवी नको, आईकडून नको, मेसेज तर नकोच. रोज बोलता ना, त्याच फोनवर. फार लांबण लावू नकोस. ‘बायोडाटात माझी उंची चुकीची लिहिली आहे. मी १६१ आहे, ५ फूट ३ इंचांहून थोडासा जास्त. आपण भेटलो तेव्हा बुटात सोल होतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुम्ही घरी बोला, विचार करा.’ एवढं बोलून थांब. भरतीची कहाणी तेव्हा सांगायची नाही, नाहीतर तिला नकार द्यायला जड जाईल. ‘तरी चालेल ना?’ असं तर मुळीच विचारू नकोस. आईने लिहिलं, मध्यस्थ म्हणाले, हेही नको. सोल आईने घातलं नव्हतं.

ती चिडू शकते. तिच्या घरचे वाडीचा बेत रद्द करू शकतात. लग्न मोडूही शकतं, आणि तसं झालं तर ते दोनपैकी कशामुळे मोडलं हे तुला कदाचित कळणारही नाही. उंचीमुळे असेल तर तिला तो हक्क आहे, तूही मुली बघताना काहीतरी मनात धरूनच बघत असशील. लपवाछपवीमुळे असेल तर तिचं चूक काय? तुला वाईट वाटेल, खूप वाटेल. पण देवळाच्या पायऱ्यांवर, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांदेखत, तिने तुझ्याकडे अचानक वळून बघावं आणि मग खाली तुझ्या पायांकडे बघावं, यापेक्षा ते बरं. तिला चारचौघांत ओशाळं करायचं नाही एवढं तरी तू तिच्यासाठी करू शकतोस.

हे लग्न जमलं नाही तरी बायोडाटा त्याच दिवशी दुरुस्त कर. स्थळं कमी येतील. जी येतील त्यांच्याकडे चप्पल बाहेर काढून बिनधास्त जाता येईल.

भावाचं राहिलं. तो गुडघे वाकवतो ते तुला चिडवायला नाही, तुझं तोंड उतरलेलं त्याला दिसतं म्हणून. त्याला एकदा सांग, ‘सरळ उभा राहा, फोटो वाकडे येतात.’ ‘थोरला कोण?’ या प्रश्नाला ‘मी’ एवढंच उत्तर पुरतं, पुढे हसायचीही गरज नाही. आणि त्याचं लग्न तुझ्यासाठी अडवून धरलंय ते सोडवायला घरच्यांना तूच सांग. त्याची मुलगी ठरलेली असेल तर त्याचं आधी होऊ दे. थोरला मागे राहिला म्हणून चार लोक बोलतील, चार दिवस. तुझ्या गळ्यातली घाई मात्र सुटेल, आणि मला वाटतं बायोडाटातले ते वाढीव इंच आले ते याच घाईतून.

आईला मात्र तू मुलीला फोन करायच्या आधी सांग. ती म्हणेल, ‘आत्ता कशाला, लग्न होऊ दे, मग कोण बघतंय.’ तिच्याशी वाद घालू नकोस. ऐकून घे, आणि मग गच्चीवर जाऊन फोन लाव.

तुझी,
ताई