पूल या टेबलवरच्या खेळासाठी कस्टम क्यू (खेळायची काठी) बनवून घ्यावी की कंपनीची तयार क्यू घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं पार्लरच्या काठीने खेळलात, आता स्वतःची क्यू घ्यायची आहे, आणि सोबतचे सगळे "घेतोसच तर अमेरिकेतल्या कारागिराकडून कस्टम घे" म्हणून मागे लागलेत. नका घेऊ. निदान पहिली तरी नको. मी तो उद्योग करून बसलोय.

माझी कस्टम क्यू दिसायला देखणी होती. बटवर, म्हणजे हातात धरायच्या मागच्या जाड भागावर, एबनीचे चार पॉइंट (टोकदार पट्टे), त्यात शिंपल्याचं जडावकाम. ऑर्डर देऊन हातात यायला चौदा महिने लागले. मी ठाण्यात राहतो. दुसऱ्या पावसाळ्यात शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, वाकला. टेबलवर लोळवला की मधला भाग कापडावरून उठायचा, खालून उजेड दिसायचा, पुन्हा टेकायचा. दोष हवेचा, थोडा माझाही, कारण केस कायम गाडीच्या डिकीत. पण खरी गंमत पुढे. नवा शाफ्ट घ्यावा म्हटलं तर जॉइंटचा, म्हणजे बट आणि शाफ्ट जोडायचा, स्क्रू त्या कारागिराच्या स्वतःच्या मापाचा. बाजारातला एकही शाफ्ट बसेना. त्याला मेल केला, तर उत्तर आलं की पुन्हा रांगेत या.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की कस्टमचे बहुतेक पैसे बटच्या नक्षीला जातात, आणि फटका कसा बसतो हे ठरतं मुख्यतः शाफ्ट आणि टिपवर (शाफ्टच्या टोकाची चामड्याची चकती). साइड मारताना, म्हणजे बॉलच्या मध्याऐवजी डावी-उजवीकडे फटका देताना, पांढरा बॉल नेमलेल्या रेषेवरून किंचित उलट्या बाजूला सरकतो ना, तो किती सरकणार हे शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. टोक हलकं तर सरकणं कमी. प्रिडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीने नव्वदच्या दशकात हे 'आयर्न विली' नावाच्या यंत्राकडून फटके मारून घेऊन मोजलं आणि मेपलचे तुकडे एकमेकांना चिकटवून ३१४ शाफ्ट काढला. २०१६ साली त्यांचा कार्बन फायबरचा रेवो आला. एकट्या माणसाने लेथवर बसून एवढ्या चाचण्या करणं अवघड आहे. कस्टम बट घेऊन पुढे कंपनीचाच शाफ्ट लावणारे कितीतरी खेळाडू आहेत, ते उगाच नाही.

शेन व्हॅन बोनिंग २०२२ साली नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला तो क्यूटेक कंपनीची क्यू घेऊन. कंपनी त्याला पैसे देते हे मान्य. पण फक्त पैशासाठी कोणी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये वाईट काठी घेऊन उतरत नाही.

कस्टमवाल्यांच्या तोंडी सतत असतं ते नाव म्हणजे जुना क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का. त्याने आपल्या कित्येक नामांकित क्यू ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट ब्लँकवर (अर्धवट तयार बट) बनवल्या होत्या, म्हणजे मुळात कारखान्यातलंच लाकूड. आणि 'द कलर ऑफ मनी' या सिनेमातली बालाबुश्का? ती प्रत्यक्षात जॉस कंपनीची क्यू होती. तुमच्या मित्रांना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतील.

आता काय घ्यायचं. लांबी ५८ इंच, वजन १९ औंसांच्या आसपास, टिप मीडियम. जॉइंट मात्र सर्रास मिळणाऱ्या प्रकारचा हवा: ३/८-१०, ५/१६-१८ (ही स्क्रूची मापं) किंवा युनि-लॉक. म्हणजे उद्या शाफ्ट बदलायचा झाला तर अडत नाही. मी आता कंपनीची साधी मेपलची बट आणि कार्बनचा शाफ्ट वापरतो. कार्बनचा आवाज सुरुवातीला पोकळ वाटतो, आठवडाभर कानाला खटकतो, पण तीन पावसाळे झाले, अजून सरळ आहे. मुंबई-कोकणपट्ट्यात राहात असाल तर जास्तीचे पैसे नक्षीपेक्षा शाफ्टवर घाला. पुण्या-नाशकात चांगला मेपलही चालेल, फक्त डिकीत ठेवू नका.

पार्लरमध्ये स्नूकरही खेळत असाल तर ही क्यू तिथे नेऊ नका. स्नूकरची टिप बारीक, साधारण साडेनऊ मिलिमीटर, आणि शाफ्ट बहुधा ॲशचा.

दुकानात गेलात की शाफ्ट आणि बट आधी वेगवेगळे लोळवा, मग जोडून. नुसते जोडूनच लोळवलेत तर बाक नेमका कशात आहे हे कळत नाही, आणि दुकानदार "जॉइंट नीट घट्ट केला नाहीत" म्हणून मोकळा होतो.