वाचकांचे प्रश्न : आईला न्हाणीघरात एकटीने जाता यावे म्हणून

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन घरात फिरते. मात्र अंघोळ आणि संडास यांसाठी तिला कोणाचा तरी हात लागतो आणि तेच तिला सहन होत नाही. घर जुने असून संडास भारतीय पद्धतीचा आहे. नातेवाईक व्हीलचेअर घ्या म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आई वॉकरने चालत असताना व्हीलचेअरची घाई करू नये. चाकाची खुर्ची हाताशी आली की चालणे कमी होते आणि त्यासोबत पायांतले बळही ओसरते. आधी वॉकरची आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजावी. जुन्या घरांत ते दार इतके अरुंद असते की वॉकर चौकटीतच अडतो. तसे असल्यास दाराच्या आत आणि बाहेर आधाराचे दांडे बसवावेत. हे दांडे टाइलला चिकटवलेले किंवा रबरी कपाने धरणारे नसावेत, तर विटांच्या भिंतीत खोल स्क्रू घेऊन पक्के केलेले असावेत. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. तोल जाताना माणूस नेमकी तीच धरतो आणि ती भिंतीतून उपटून हातात येते.

संडासासाठी फरशी फोडण्याची गरज नाही. कमोड खुर्चीचे खालचे भांडे काढून ती भारतीय भांड्यावर ठेवता येते. फक्त पावठ्यांमुळे खुर्ची डुगडुगत नाही ना आणि तिचे चारही पाय सपाट टेकतात ना, हे स्वतः बसून पाहावे. बसल्यावर आईचे गुडघे खुब्यापेक्षा वर जाऊ नयेत, इतकी उंची हवी. सांधा बदललेला असेल, तर किती वाकायचे हे शल्यविशारदांनाच विचारावे.

अंघोळीचा पाट माळ्यावर टाकावा. रबरी बूट असलेले, पाठ टेकता येईल असे स्टूल घ्यावे आणि बादलीही बुटक्या स्टुलावर ठेवावी, म्हणजे तांब्या भरण्यासाठी वाकावे लागणार नाही. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असे कुलूप बसवावे. आईचा एकांत राहतो आणि तुमची धास्तीही कमी होते. काठी वापरण्याइतकी प्रगती झाली की तिची मूठ, हात सरळ सोडून उभे राहिल्यावर, मनगटाच्या घडीशी यावी आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

प्रश्न : या साहित्यासाठी सरकारी मदत मिळते का?

उत्तर : महाराष्ट्राच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांना एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.