स्पितीला जायला मोठी बाइक लागते का? माझं उत्तर : गाडी आहे तीच ठेवा, दिवस वाढवा

तुमचा प्रश्न असा आहे : पुण्यात राहता, चार वर्षांपासून 150 सीसीची गाडी आहे, उंची 5 फूट 2 इंच, नऊ दिवसांची रजा मिळाली आहे, मनालीवरून हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जायचंय. त्याआधी कर्ज काढून मोठी अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यावी का?

घेऊ नका. मी साताऱ्याची. स्पितीला तीनदा गेले, जुलै 2019, सप्टेंबर 2021 आणि सप्टेंबर 2022, आणि तिन्ही वेळा माझ्या 150 सीसीच्याच गाडीवर. माझी उंचीही तुमच्याएवढीच. तुमच्या प्रश्नात मला काळजी वाटली ती गाडीची नाही, 'नऊ दिवस' आणि 'मनालीवरून' या दोन गोष्टींची. पहिल्या खेपेला मी नेमक्या याच दोन चुका केल्या होत्या.

2019 मध्ये रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा नव्हता, तो ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला. तेव्हा रोहतांग चढूनच जावं लागायचं. घाटात गाड्यांची रांग लागली आणि ग्राम्फूला डावीकडचा लेहचा रस्ता सोडून मी स्पितीतल्या काझाच्या रस्त्याला लागले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. ग्राम्फू ते बातल हा पट्टा जेमतेम 50 किलोमीटरचा, पण त्यात डांबर जवळपास नव्हतंच. दगडगोटे, वाळू, आणि वरच्या हिमनद्यांतून उतरून रस्त्यावरूनच वाहणारे नाले. छत्रूच्या अलीकडे दोनेक किलोमीटरवर असा एक नाला लागला. साडेतीन वाजले होते. पाणी पांढरट, गढूळ, तळ दिसत नव्हता. मी थांबले नाही, उतरून पाहिलं नाही, मनालीत हॉटेलवाल्याने 'नाले छोटेच आहेत' म्हटलेलं डोक्यात होतं. मध्यावर पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं, मी घाबरून क्लच दाबला, एक्सिलेटर सुटला आणि गाडी डाव्या अंगावर पाण्यात.

आता यातलं शिकण्यासारखं सविस्तर सांगते, कारण स्पितीच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं इथेच पडतात.

या नाल्यांचं पाणी पावसाचं नसतं, बर्फाचं असतं. ऊन चढतं तसा वरचा बर्फ वितळतो, ते पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून दुपारी तीन-चारनंतर नाला सगळ्यात फुगलेला असतो. रात्री वर पुन्हा गोठतं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात कमी. आपल्याकडच्या ओढ्यांची सवय असलेल्या माणसाला हे लक्षात येत नाही. आपण आभाळाकडे बघतो. तिथे घड्याळाकडे बघावं लागतं. स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशीच दुपारी नाला जास्त धोक्याचा.

नाल्याशी पोचल्यावर गाडी स्टँडला लावायची आणि उतरायचं. मागून कोणी हॉर्न दिला तरी. जिथे पाणी खळखळतंय, फेस दिसतोय, तिथे खाली दगड आहेत पण पाणी उथळ आहे. जिथे पाणी गुळगुळीत दिसतं तिथे खड्डा असतो. पात्र जिथे सगळ्यात रुंद तिथे पाणी बहुतेक वेळा सगळ्यात उथळ. शक्य असेल तर आधी दुसरी गाडी जाऊ द्या आणि तिची चाकं कुठे बुडतात ते बघा. मग पहिला गिअर, एक्सिलेटर एकसारखा, आणि नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की गाडी पाण्याकडेच जाते. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच पूर्ण दाबायचा नाही. सायलेन्सर पाण्याखाली असला तरी इंजिन चालू आहे तोवर आतली हवा पाणी बाहेर ढकलत राहते. इंजिन बंद पडलं की पाण्याला वाट मोकळी. आणि पडलातच, तर पहिला हात किल स्विचवर, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणावर. बुडालेली गाडी पुन्हा स्टार्ट करून बघण्याचा मोह अनावर होतो, पण सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर तेवढ्या एका सेल्फने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

माझी गाडी दोन ट्रकवाल्यांनी आणि एका पिकअपच्या पोराने ओढून काढली. एक गोष्ट मला तेव्हा कळली : ती तिघांना सहज उचलता आली. माझी गाडी दीडशे किलोच्या आत. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाइकचं, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या हिमालयनचं, वजन पेट्रोलसकट जवळजवळ 200 किलो. वर सामान. सपाट डांबरावर ते वजन स्थिर वाटतं, छान वाटतं, हे मी नाकारत नाही, आणि तिचं लांब ट्रॅव्हलचं सस्पेन्शन दगडांवर खरोखर सुख देतं. पण आपल्या उंचीला दोन्ही पाय पूर्ण टेकत नसतील, तर गोट्यांवर गाडी थोडीशी कलली की ती सावरता येत नाही, ती जातेच. ज्या गाडीची तुम्हाला चार वर्षांची सवय आहे, जी तुम्ही एकटीने उचलू शकता, ती तिथे जास्त कामाची. ताकद कमी पडते का? पडते. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्याही खाली जातो, त्या प्रमाणात इंजिनचा जोरही उतरतो. कार्बोरेटरची गाडी धूर टाकते, फ्युएल इंजेक्शनची मिश्रण सांभाळते, पण जोर दोन्हींचा कमी होतो. बातलच्या पुढच्या कुंझुम खिंडीचा चढ मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढले, मागे डबल सीट नव्हती, सामान 15 किलोच्या आत. चढली.

आता दिवसांबद्दल, म्हणजे मुख्य मुद्दा. विरळ हवेत जे इंजिनचं होतं तेच शरीराचं. मनाली दोन हजार मीटरवर आहे, वाटेतला चंद्रताल तलाव सव्वाचार हजारांच्या वर. नऊ दिवसांत बसवायचं म्हणून माणसं दुसऱ्याच रात्री चंद्रतालच्या तंबूत झोपतात. मी झोपले. रात्रभर डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली, सकाळी हेल्मेट घालताना हात थरथरत होते. अशा अवस्थेत गाडी चालवणं हे नाल्यात पडण्यापेक्षा धोक्याचं. डॉक्टर सांगतात तो साधा नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने शिमल्याच्या बाजूने, किन्नौरमधून वर जावं असं माझं ठाम मत आहे. शिमला, नारकंडा, मग सतलजच्या काठाने कल्पा, पुढे नाको, ताबो, काझा. उंची हळूहळू चढते. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथे थांबा. दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर वेगळे वाहतात. ताबोला एक रात्र घाईत काढू नका. तिथला मठ इसवी सन 996 चा, मातीच्या भिंतींचा. आतल्या अंधारात डोळे सरावले की भिंतीवरची चित्रं हळूहळू उमटायला लागतात. मी पहिल्या खेपेला काझाहून परत फिरले, ताबो पाहिलंच नाही. दुसऱ्या वेळी दोन तास आत बसले होते.

या बाजूचा धोका वेगळा आहे, तो दरडींचा. 11 ऑगस्ट 2021 ला किन्नौरमधल्या निगुलसरीला दरड कोसळून 28 माणसं गेली. महिन्याभराने मी तिथून गेले तेव्हा डोंगराचा तो उघडा भाग बघून पोटात गोळा आला. आणि जुलै 2023 च्या अतिवृष्टीत चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जा. पाऊस ओसरलेला असतो, नाले उतरलेले असतात. थंडी असते, रात्री पाणी गोठतं, पण थंडीला कपडे आहेत.

नऊ दिवसांची रजा तेरा करून घ्या. पुण्याहून शिमला सुमारे 1800 किलोमीटर. तो हायवे गाडीवर कापण्यात तीन-चार दिवस आणि सगळी उमेद जाते. गाडी रेल्वेने, झेलम एक्सप्रेसने, अंबाल्याला टाका. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. आरसे आणि लिव्हर काढून पिशवीत घ्या, टाकीला जुनी चादर गुंडाळा आणि मगच गोणपाट बांधून घ्या. गाडी पोचल्यावर पेट्रोल लागतं, म्हणून उतरल्या उतरल्या एक बाटली आणायची तयारी ठेवा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल करायची, पुढे काझापर्यंत 200 किलोमीटर. काझालाही पंप आहे, त्यानंतर मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत नाही. 150 सीसीच्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये रखडतानाही एक टाकी पुरून उरते. मी दोन लिटरचा कॅन जवळ ठेवते, तो एकदाच लागला, तोही दुसऱ्याला.

बाकी सामानात क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, पंक्चरचं किट, हातपंप. दगडांच्या पट्ट्यात टायरमधली हवा चार-पाच पीएसआय कमी केली तर पकड वाढते, पण फार कमी करू नका, रिमला ठोका बसतो. आणि गमबूट घ्या. महागड्या रायडिंग शूजमध्ये एकदा बर्फाचं पाणी गेलं की दोन दिवस वाळत नाहीत. मी गमबूट मागच्या सीटला बांधते आणि नाल्यांच्या पट्ट्यापुरते चढवते.

कर्जाचे हप्ते वाचले, तर त्यातले थोडे पैसे चांगले नवीन टायर आणि चेन-स्प्रॉकेट यांवर घाला, आणि जून ते ऑगस्ट प्रत्येक रविवारी सराव करा. तुम्हाला मढे घाटाची वाट जवळ आहे, वेल्ह्याच्या पुढे. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, दुसऱ्या गिअरमध्ये मुरुमावरून चालवा. पहिले दोन रविवार मांड्या भरून येतील. रस्त्यावरून वाहणारा घोट्याएवढा ओढा दिसला की तो दहादा ओलांडा, पण पुराच्या पाण्यात आणि फरशी पुलावरून पाणी जात असताना कधीच नाही.

माझ्या 2019 च्या गाडीचं काय झालं ते राहिलं. त्या पिकअपमध्ये टाकून तिला छत्रूच्या ढाब्यावर आणली. ढाब्यावरच्या दीदींनी मला कोरडे कपडे दिले आणि काढलेला प्लग चुलीशेजारी ठेवला. ट्रकवाल्याने प्लगच्या भोकातून पाणी निघेपर्यंत किक मारून घेतल्या, एअर फिल्टर काढून उन्हाच्या शेवटच्या तिरपीत वाळवला. गाडी रात्री सुरू झाली नाही. पहाटे साडेपाचला प्लग बसवला, सातव्या किकला लागली. निघण्याआधी मी एकटीच मागे चालत त्या नाल्यापर्यंत गेले. सहा-सव्वासहा झाले असतील. काठावर बर्फाची पातळ साय धरली होती, पाणी नितळ होतं, मी जिथे पडले तिथले गोटे एकेक मोजता येत होते. गमबूट घालून मी पलीकडे जाऊन परत आले. पाणी घोट्याच्या वर आलं नाही.