‘टाकी’ हा शब्द इंग्रजी ‘टँक’वरून आला का? आणि टँक म्हणजे रणगाडा कसा झाला?

उलट आहे. टँक आपल्याकडून गेलाय. एवढ्या तावातावाने सांगतोय त्याला कारण आमच्या सोसायटीचे अध्यक्ष.

गेल्या वर्षी मी सेक्रेटरी होतो. मे महिन्यात फळ्यावर नोटीस लावली, ‘रविवारी गच्चीवरची टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.’ अध्यक्ष काकांनी लाल पेनने ‘टाकी’ खोडून वर ‘जलकुंभ’ लिहिलं. म्हणे टाकी हा टँकचा अपभ्रंश, मराठी शुद्ध हवी. रविवारी तीन बिऱ्हाडं कोरडी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, कुणाकडे तरी कलशपूजन आहे. बोलणी मात्र मी खाल्ली.

मी काकांना विचारलं, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी काय इंग्रजांनी खोदली? तर म्हणाले, “नाव नंतर पडलं असेल.” (कान्हेरीच्या लेण्यांतले जुने शिलालेख त्यांनी वाचले नव्हते म्हणून वाचलो. तिथे टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय, तेच त्यांनी पुढे केलं असतं.)

सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी आपले तलाव-हौद पाहिले, गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाकें’ ऐकलं आणि शब्द उचलला. आपला माल, आपल्यालाच परत विकतात आणि काका पावती फाडतात.

रणगाड्याचं सोपं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकनला ही यंत्रं गुपचूप बनत होती. पाणी वाहायच्या टाक्या आहेत अशी थाप मारायची म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे नाव ठरलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ती उतरली, तोवर नाव चिकटलं होतं.

आता खरं सांगायचं तर पोर्तुगीजमध्येही तळ्याला ‘टांक’ म्हणतात, आणि त्याचा माग लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्यापर्यंत लावतात. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या कोशानेही या शब्दाचे उगम दोन दिसतात, एक इथला आणि एक युरोपातला, असं म्हणून ठेवलंय. तेव्हा माझं पहिलं वाक्य थोडं पाणी घालून वाचा. पण टाकी हा टँकचा अपभ्रंश, हे कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि नोटिशीत लोकांना कळेल तोच शब्द लिहा, मग वरून कुणीही लाल पेन चालवो.

यंदा मी सेक्रेटरी नाही. परवा फळ्यावर ‘टँक क्लीनिंग’ लागलंय. खाली काकांची सही.