माध्यमावरून जाहिरातीचे तंत्र ओळखता येते का?

छापील, रेडिओ-टीव्हीवरील, फलकांवरील आणि डिजिटल अशा जाहिरातींच्या प्रत्येक प्रकारात मन वळवण्याचे कोणते तंत्र वापरले जाते, याचा तक्ता आपण मागितला आहे. तसा तक्ता करता येईल, परंतु त्याचा उपयोग मर्यादित राहील, कारण एकच तंत्र सगळ्या माध्यमांत आढळते. समोरच्या माणसाचे किती लक्ष आणि किती वेळ मिळणार, एवढेच माध्यम ठरवते. म्हणून जाहिरात आपल्याला विचार करायला लावते, की विचार टाळून नुसत्या भावनेवर किंवा ओळखीच्या चेहऱ्यावर निर्णय घ्यायला लावते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साधारण असेच दोन मार्ग मांडले होते.

छापील जाहिरातीला निवांत वाचणारा वाचक मिळतो, त्यामुळे तिथे युक्तिवाद चालतो. प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ऑगिल्व्ही यांच्या १९५८ च्या रोल्स-रॉइस जाहिरातीत, ताशी ६० मैल वेगाला या गाडीतला सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो, असा मथळा होता आणि त्याखाली गाडीची माहिती क्रमवार दिली होती. फलकाकडे लोक जाता जाता पाहतात, त्यामुळे त्यावर नाव, चित्र आणि मोजके शब्द एवढेच मावते. रेडिओला चित्र नाही, म्हणून जिंगल. प्रसिद्ध चेहरा, ‘सगळे हेच घेतात’ असा सूर आणि ‘मुदत संपत आली’ अशी घाई ही तंत्रे कुठेही चालतात. त्यांचा खुलासा आपल्याला सहज मिळेल.

भीती आणि पुनरावृत्ती यांवर मात्र थोडे थांबायला हवे. लिस्टरिन हे मुळात १८७९ मधले जंतुनाशक. १९२० च्या दशकात ते तोंडाच्या दुर्गंधीवरचा उपाय म्हणून विकले जाऊ लागले. त्या जाहिरातींत एखादी देखणी, गुणी तरुणी असे, तिचे लग्न काही केल्या जमत नसे आणि त्याचे कारण तिला कोणीच सांगत नसे. हा दोष स्वतःला कळत नाही आणि जवळची माणसेही तो बोलून दाखवत नाहीत, ही त्यातली खरी मेख होती. ज्या शंकेची खातरजमा करण्याचा मार्गच उरत नाही, ती बाटली विकत घेऊनच शमवावी लागते. आजच्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती याच नजरेने तपासून पाहाव्यात.

पुनरावृत्तीचा पुरावाही याच उत्पादनात सापडतो. लिस्टरिनमुळे सर्दी आणि घशाचे दुखणे टळते, असा दावा अनेक दशके केला गेला. फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९७५ मध्ये तो चुकीचा ठरवला आणि केवळ दावा थांबवणे पुरेसे मानले नाही. सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींमधून, लिस्टरिनमुळे सर्दी टळत नाही, असे कंपनीनेच सांगावे, असा आदेश दिला. १९७७ मध्ये न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. जाहिरात बंद झाली तरी वर्षानुवर्षे ऐकलेले वाक्य लोकांच्या मनातून जात नाही, हे त्यामागचे कारण होते. वारंवार ऐकलेले विधान अधिक खरे वाटते, असे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगातही दिसून आले.

पडद्यावर क्षणभर चमकणाऱ्या छुप्या संदेशांचा मुद्दा तक्त्यातून वगळावा. अशा संदेशांमुळे विक्री वाढते, असा दावा १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने केला होता, परंतु आपली माहिती अपुरी होती, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली.

डिजिटल जाहिरातीत तंत्रे जुनीच आहेत. आपण काय शोधले, काय पाहिले यावरून माणूस आणि वेळ निवडण्याची सोय तेवढी नवीन आहे. याहून गंभीर बाब पुरस्कृत, म्हणजे कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेल्या, मजकुराची वाटते. समोर जाहिरात आहे हे कळले की आपण आपोआप थोडे सावध होतो; मित्राच्या सल्ल्यासारखा किंवा बातमीसारखा दिसणारा मजकूर ती सावधगिरी जागीच होऊ देत नाही. त्यामुळे तक्ता करायचाच असेल, तर माध्यमाच्या रकान्याशेजारी ‘ही जाहिरात आहे हे पाहणाऱ्याला कळते का’ असा आणखी एक रकाना जरूर ठेवावा.