३ टनी फोर्कलिफ्टला ट्रॉली ओढायचा हुक आणि बूम घरीच बनवून लावला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की बुटीबोरीला शेड आहे, ३ टनी जुनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागेपुढे करायच्या असतात आणि मधूनमधून मोटर, गिअरबॉक्स उचलावे लागतात. हिंगण्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. या दोन्ही गोष्टी मी बनवल्या, त्यातल्या एकीनं घाम फोडला. तेव्हा ट्रॉलीचा हुक जरूर बनवा, बूमचं, म्हणजे वजन लटकवायला फोर्कपुढे काढलेल्या लांब हाताचं, मात्र आधी गणित करा.

हुकचं काम सोपं. फोर्कवर, म्हणजे मशीनच्या पुढच्या दोन आडव्या दात्यांवर, सरकतील असे दोन जाड रेक्टँगल पाइप, त्यांना जोडणारा आडवा चॅनल आणि मधोमध ट्रॉली अडकवायचा पिनचा हिच. आमचे फोर्क १२५ मिमी रुंद आणि ४५ मिमी जाड आहेत, पाइप त्याहून जरा सैल घेतला. लोक चुकतात ते इथं, की वरून बोल्ट आवळला की झालं असं समजतात. ट्रॉली ओढताना ती अख्खी अटॅचमेंट फोर्कवरून बाहेर खेचत असते, नुसता आवळलेला बोल्ट कधी ना कधी घसरतोच. फोर्कच्या हीलमागून, म्हणजे उभा भाग सुरू होतो त्याच्या मागून, आडवी पिन घाला आणि वर कॅरेजला (फोर्क टांगलेली चौकट) चेन बांधा. फोर्कला स्वतःला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही लावायचं नाही. ते उष्णता देऊन कडक केलेलं पोलाद असतं, वेल्डिंगच्या शेजारी तडा जातो.

मागे काउंटरवेटवर (मशीनच्या मागचं तोल सावरणारं वजन) एक पिन असते, ट्रॉली तिलाच का अडकवू नये, असं वाटेल. बऱ्याच कंपन्या ती पिन फोर्कलिफ्ट अडकली तर ओढून काढायला देतात, रोजच्या ट्रॉलीला नाही. मॅन्युअल बघा. भरलेल्या ट्रॉलीला ब्रेक नसेल तर उतारावर ती फोर्कलिफ्टलाच ढकलत नेते, म्हणून रिकामी किंवा अर्धी भरलेली ट्रॉली, सपाट जागेवर, एवढंच. आणि मास्टला (फोर्क वरखाली नेणारा उभा सांगाडा) बाजूनं ओढ बसू देऊ नका.

आता बूम. मी दोन १५० चे चॅनल तोंडाला तोंड लावून बंद पेटी केली, ७०१८ चे वेल्डिंग रॉड वापरले (पावसाळ्यात ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय वापरू नका), हुक फोर्कच्या हीलपासून १६०० मिमी पुढे. गिअरबॉक्स साधारण दीड टनाचा. मशीन ३ टनी, वजन निम्मं, मग भीती कशाची! गिअरबॉक्स जमिनीपासून चार बोटं उचलला आणि ऑपरेटर ओरडला, "भाऊ, स्टेरिंग हलकी झाली ना!" फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून मी वाकून मागं पाहिलं. मागची चाकं जमिनीला नुसती टेकलेली, टायरची दाबलेली फुग पार गेलेली. वेल्डला केसभर तडा नव्हता. लोखंड टिकलं होतं, मशीनच उलटायला निघालं होतं.

संध्याकाळी नेमप्लेटवरची धूळ पुसून नीट वाचली. ३००० किलो, पण लोड सेंटर ५०० मिमी, म्हणजे वजनाचा मध्य फोर्कच्या हीलपासून ५०० मिमीवर असेल तरच. हा दुसरा आकडा मी कधी धरलाच नव्हता. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या हीलपर्यंत मोजलं तर ४५० भरलं. म्हणजे ३००० गुणिले ९५० (४५० अधिक ५००), हीच मशीनची खरी ताकद. हुक १६०० वर असेल तर चाकापासून २०५० होतात. भागाकार केला तर १३९० किलो, आणि त्यातून बूमच्या १४० किलोचा हिशेब (तिचा मध्य हुकापेक्षा जवळ, म्हणून पूर्ण १४० नाही) वजा केला की उरतात जेमतेम १३००. मी दीड टन लावलं होतं.

मग बूमला १००० वर आणखी एक हुकची जागा काढली. हिशेबानं तिथं १८०० च्या वर बसतं, पण लटकतं वजन झुलतं, मास्ट पुढे झुकला की अंतर आणखी वाढतं. म्हणून मी पंच मारून १००० वर १५०० किलो आणि १६०० वर १००० किलो असं कोरलं. वजन जमिनीलगत ठेवायचं, दोर बांधून एकानं सावरायचं आणि त्या माणसानं बूमखाली यायचं नाही.

फोर्क जुने असतील तर हीलची जाडी कॅलिपरनं मोजा. नव्यापेक्षा १० टक्के झिजले की बाद करायचे, कारण १० टक्के झिजेत ताकद जवळपास १९ टक्के जाते. शेडमध्ये कामगार असतील तर उचलण्याच्या साधनांची दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची आहे. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची लेखी परवानगीही मागा. अपघात झाला की विमावाले आधी तोच कागद विचारतात. वर्षातून दोनदाच गिअरबॉक्स उचलायचा असेल तर हे सगळं सोडा, हायड्रा क्रेन भाड्यानं बोलवा.

नेमप्लेटचा फोटो टाका, हुक कुठं घ्यायचा ते मोजून सांगतो. साइड शिफ्टर (फोर्क डावीउजवीकडे सरकवणारा भाग) बसवलेला असेल तर तेही लिहा, त्यानं फोर्क पुढे सरकलेले असतात.